माझं मत मीच देणार



गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी मलाच हवा असलेला ठराव पाडला. त्यावरून अजून बोलणी खाते, म्हणून एकदा नीट लिहिते.

आमचे २८ फ्लॅट. विषय जुनी लिफ्ट बदलण्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना जिना उतरणं शक्य नव्हतं. सकाळीच त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली, "माझं मत तूच दे गं." सभेत हात वर झाले. बाजूने ९, विरुद्ध ११. तेव्हा सेक्रेटरींनी फाइलमधून बाहेरगावच्या मालकांची सहा पत्रं काढली. ती धरली की लिफ्ट पक्की.

मी पत्रं बघायला मागितली. तीन पत्रांवर विषयच नव्हता, खाली नुसती सही! मी म्हटलं, ही मतं धरता येणार नाहीत. काकूंची चिठ्ठीही मग पर्समध्येच राहिली. ठराव पडला.

बी.कॉम.ला कंपनी कायदा शिकले होते. कंपनीत मत शेअरच्या संख्येवर, म्हणजे पैशावर. तिथे प्रॉक्सी चालतो. त्याचा फॉर्म सभेच्या ४८ तास आधी द्यायचा, आणि प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. सोसायटीचं तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २७ सांगतं की एका सभासदाला एकच मत, आणि ते त्याने स्वतः द्यायचं. प्रॉक्सी नाही. इथे मत पैशाचं नसून माणसाचं आहे, आणि मला हे योग्यच वाटतं. आज लिफ्टसाठी अशा सह्या चालवून घेतल्या, तर उद्या पुनर्विकासाच्या सभेत त्याच सह्या कुणाच्या खिशातून निघतील? २०१९ च्या सरकारी सूचनांप्रमाणे तिथे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आमच्याकडे म्हणजे १५ जण. त्यातले सहा एकाच माणसाच्या हातात असले, तर बाकीच्यांच्या घराचं काय?

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा कर्मबंध सांगितला आहे. न वाचता केलेली सही ही अनुमोदनाच. "मला काही माहीत नव्हतं" म्हणून ती सुटत नाही.

पण काकूंचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्या दिवशी त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि मलाही जेवण गेलं नाही. कायद्यात त्याची सोय मात्र आहे. घरातल्या जवळच्या माणसाला सहयोगी सदस्य करून घेता येतं, आणि सभासदाने आधी लेखी संमती दिली की ते माणूस सभेला येऊन मत देऊ शकतं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन काकूंकडे गेले. त्यांच्या सूनबाई सहयोगी सदस्य झाल्या. पुढे विशेष सभा लागली, तेव्हा त्या सासूबाईंच्या संमतीचं पत्र घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. पत्रं पाठवणाऱ्यांपैकी दोघे मुंबई-साताऱ्याहून स्वतः आले. सूनबाईंनी सासूबाईंचे हाल सांगितल्यावर विरोधातल्या दोघांचं मन बदललं. बाजूने १४, विरुद्ध ९. पत्राला असं कुणाचं मन वळवता आलं असतं का? लिफ्ट चार महिने उशिरा आली, हे खरं. ते माझ्या खात्यावर लिहा.

आता आपल्याविषयी. पाण्याचा टँकर, कचरा, वॉचमनचा पगार, सगळं आपण बघतो. पण सभेत हात वर केला की विचारतात, "वहिनी, साहेब नाही आले?" कारण शेअर सर्टिफिकेटवर नाव एकट्या साहेबांचं. तिथे आपलं नाव दुसरं असेल, तर पहिले गैरहजर असताना दुसऱ्याला मत देता येतं. संमतीचं पत्र आधीच देऊन ठेवावं, म्हणजे वाद नको.

तेव्हा आज दुपारची आवराआवर झाली की कपाटातलं ते सर्टिफिकेट काढून बघा. आपलं नाव नसेल, तर संध्याकाळी चहाच्या वेळी विषय काढा. भांडू नका, पण सोडूही नका.