वंशभेदाच्या खात्यातील जमेची बाजू

वंशभेदाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे त्याला बळी पडलेली माणसे उभी राहतात. हे साहजिकच आहे. परंतु हिशेबाचा प्राथमिक नियम असा की, एका खात्यात रक्कम नावे पडली असेल तर ती दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात जमा झालेली असतेच. वंशभेदाच्या चर्चेत ही जमेची बाजू क्वचितच उघडून पाहिली जाते; आणि ज्यांच्या खात्यात ती जमा होते त्यांना बहुधा त्याची गंधवार्ताही नसते.

अमेरिकेतील वेलस्ली कॉलेजच्या पेगी मॅकिंटॉश या गौरवर्णीय विदुषीने 1988 साली स्वतःच्या खात्याची अशी तपासणी केली. दुकानात शिरल्यावर आपल्यावर कोणी पाळत ठेवीत नाही, जखमेवर लावायची 'कातडीच्या रंगाची' पट्टी आपल्याच कातडीच्या रंगाची असते, अशा सवलतींची यादीच त्यांनी दिली. या गोष्टी क्षुल्लक आहेत, अशी टीका त्या यादीवर झाली. पट्टीपुरती ती मान्य करता येईल. परंतु करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचे काय? 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला असताना हे यंत्र तो ठीक असल्याचे दाखविते, हा प्रकार गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांत सुमारे तिपटीने अधिक घडतो. येथे कोणी कोणाचा द्वेष केलेला नाही. गोरी कातडी हेच प्रमाण गृहीत धरले गेले, एवढेच.

नोकरीच्या बाजारात या जमेची मोजदाद अधिक नेमकेपणाने झाली आहे. मारियान बर्ट्रांड व सेंधिल मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठविले. काही अर्जांवर गोऱ्यांत आढळणारी नावे होती, काहींवर काळ्यांत आढळणारी. 2004 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, एक बोलावणे येण्यास गोऱ्या नावाला सुमारे दहा अर्ज पुरत, तर काळ्या नावाला पंधरा लागत. गोऱ्या नावाचा हा लाभ त्यांनी अनुभवाच्या मापात मांडला तेव्हा तो सुमारे आठ वर्षांच्या जादा अनुभवाइतका भरला. ज्या उमेदवाराला दहाव्या अर्जाला बोलावणे आले त्याला उरलेले पाच अर्ज वाचल्याचे कळणार कसे? तो आपल्या लायकीवरच नोकरी मिळाली असे म्हणणार, आणि लायकी त्याच्यापाशी असतेही.

तथापि सर्वांत मोठी रक्कम घरांच्या रूपाने जमा झाली. 1934 पासून अमेरिकी सरकारने गृहकर्जांना विम्याचे संरक्षण दिले, परंतु काळ्यांच्या वस्त्या जोखमीच्या ठरवून त्यांना त्यातून वगळले. 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कर्जाची हमी मिळाली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज देणाऱ्या बँका स्थानिक गोऱ्यांच्या होत्या. 1947 साली मिसिसिपी राज्यात अशी तीन हजारांहून अधिक कर्जे दिली गेली, त्यांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली दोन! घरखरेदीतील भेदभावाला केंद्रीय कायद्याने बंदी झाली ती 1968 साली. तोवर त्या घरांच्या किमती वाढल्या होत्या, त्यांच्या तारणावर मुलांची शिक्षणे झाली होती. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती 2,85,000 डॉलर, तर काळ्या कुटुंबाची 44,900 डॉलर भरली. आजचा नातू सज्जन असेल, कदाचित समतावादीही असेल. वारसा मात्र त्याच्या सज्जनपणाची वाट पाहत थांबत नाही.

यावर गरीब गोऱ्यांचा आक्षेप असतो : आम्हांला कोणता विशेषाधिकार मिळाला? बेकार खाणकामगाराला हा शब्द झोंबला तर नवल नाही, आणि त्याला नीतिपाठ देणाऱ्या प्राध्यापकांविषयी मला फारसा आदर नाही. परंतु त्याच्या हालांचे कारण त्याचा वर्ण नसतो, एवढाच या शब्दाचा येथे अर्थ आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींचे खाते तर दुहेरी आहे. भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिला होता. ते दार 1946 साली किंचित किलकिले झाले. ते खऱ्या अर्थाने उघडले 1965 च्या कायद्याने. आणि काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने जे वातावरण निर्माण केले त्यावाचून तो कायदा संमत होणे कठीण होते. तरीही आपल्या यशाचे सारे श्रेय गुणवत्तेला देऊन काळ्यांच्या वस्तीविषयी नाक मुरडणारे आपले नातलग अनेकांनी पाहिले असतील.

ही सवय त्यांनी तेथे नव्याने लावून घेतली असे मात्र नव्हे. जात आणि वंश एक नव्हेत. पण वर सांगितलेला अर्जांचा प्रयोग सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी भारतातील खासगी नोकऱ्यांबाबत केला आणि 2007 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पात्रता समान असूनही दलित नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होती. मुस्लिम नावांची स्थिती त्याहूनही वाईट होती. त्या अर्जांवर जातीचा रकाना नव्हता. आडनाव पुरेसे झाले.