मॅझिनीचे मराठी वाचन आणि फॅसिझमची मुळे

'फॅसिस्ट' हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणून जितका वापरला जातो तितका संकल्पना म्हणून वापरला जात नाही. शिवीला इतिहास लागत नाही, संकल्पनेला लागतो. इतिहास शोधायला निघालेल्याच्या हाती बहुधा एक ठराविक उत्तर पडते: फॅसिझम म्हणजे विवेकाविरुद्धचे बंड, नीत्शे, सोरेल, बर्गसाँ यांच्यापासून निघालेल्या प्रवाहाची विकृत परिणती. परीक्षेच्या टिपणांसाठी हे उत्तर सोयीचे आहे. माझ्या मते ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण समजण्यासाठी रोमइतकाच रत्नागिरीचाही उपयोग होतो.

आधी रोम. फॅसिझमचा अधिकृत तत्त्वज्ञ जोव्हानी जेन्तीले हा हेगेलच्या परंपरेतला, विद्यापीठात घडलेला अभ्यासक. एप्रिल १९२५ मध्ये फॅसिस्ट बुद्धिजीवींचा जाहीरनामा त्याने लिहिला आणि १ मे रोजी बेनेदेत्तो क्रोचेने त्याला जाहीर उत्तर दिले. क्रोचेही त्याच परंपरेतला, शिवाय 'ला क्रितिका' या नियतकालिकात जेन्तीलेचा अनेक वर्षांचा सहकारी. म्हणजे एकाच तात्त्विक घराण्यातून एक जण सत्तेच्या दरबारात गेला आणि दुसरा तिच्या विरोधात उभा राहिला. १९३२ मध्ये इटालियन विश्वकोशात मुसोलिनीच्या नावाने फॅसिझमवरची नोंद आली. तिचा तात्त्विक भाग जेन्तीलेच्या लेखणीतला होता. राज्यसंस्था हीच नैतिक सत्ता आहे आणि व्यक्तीला खरे स्वातंत्र्य तिच्याशी एकरूप होऊनच लाभते, हे त्याचे सार. पायरीपायरीने रचलेल्या या युक्तिवादाला नुसता उन्माद म्हणून निकालात काढता येणार नाही.

याच जेन्तीलेने आपल्या पूर्वजांमध्ये मॅझिनीची गणना केली. फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या इटालियन निर्वासितांमध्येही मॅझिनीचा वारसा सांगणारे होते. हा वाद आपल्याला परका वाटू नये, कारण मॅझिनी तेव्हा मराठीत येऊन बराच काळ लोटला होता. १९०४ मध्ये उभी राहिलेली 'अभिनव भारत' ही संघटना मॅझिनीच्या 'तरुण इटली'च्या नमुन्यावर होती. सावरकरांनी लंडनमध्ये त्याच्या आत्मचरित्राचा अनुवाद केला आणि तो १९०७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी गांधींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये इटलीवर एक प्रकरण लिहिले. त्यांच्या मते परकी सत्ता गेली तरी मॅझिनीच्या मनातली इटली आली नव्हती. सामान्य माणूस होता तिथेच राहिला होता. दोन वाचकांनी एकाच लेखकातून दोन वेगळे प्रश्न उचलले. एकाने विचारले, राष्ट्र कसे उभे करावे? दुसऱ्याने विचारले, ते कोणासाठी?

खुद्द मॅझिनीच्या मांडणीत या प्रश्नाला जागा होती. माणसाची कर्तव्ये सांगताना त्याने मानवजातीला आधी ठेवले, मग देशाला, मग कुटुंबाला. राष्ट्र हे मानवजातीकडे जाण्याचे साधन होते. या उतरंडीतले वरचे मडके काढून घेतले की राष्ट्राच्या वर काहीच उरत नाही. कर्तव्याची, त्यागाची, ऐक्याची सारी भाषा तशीच राहते; फक्त तिला उत्तर मागणारे कोणी राहत नाही. फॅसिझमच्या मुळांचा शोध मी इथे घेईन.

आता रत्नागिरी. 'हिंदुत्व' हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२४ ते १९३७ अशी सुमारे तेरा वर्षे सावरकर या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. हिंदू कोण, याचे उत्तर देताना त्यांनी पितृभूला पुण्यभूची जोड दिली. एखाद्याचे पूर्वज इथलेच असले, त्याने या भूमीवर जीव टाकला, तरी त्याच्या श्रद्धेचे उगमस्थान बाहेर असेल तर तो पूर्णपणे 'आपला' होत नाही. या कसोटीवर उतरण्यासाठी त्याचे वर्तन पुरेसे नाही. त्याला श्रद्धाच बदलावी लागते.

पण याच रत्नागिरीत त्यांनी सहभोजने घडवली आणि अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम चालवली. भागोजीशेठ कीर यांच्या दानातून १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडले. पोथीनिष्ठेवर इतके कठोर मराठी गद्य त्या काळात फार थोड्यांनी लिहिले. सावरकरांचे भक्त हा भाग पुढे करून पहिला झाकतात, टीकाकार पहिला दाखवून हा विसरतात. मला दोन्ही एकत्र पाहणे महत्त्वाचे वाटते. विज्ञाननिष्ठा आणि समाजसुधारणा यांच्या सोबतीनेही बहिष्काराची व्याख्या सुखाने नांदू शकते, एवढे त्यातून कळते. विवेकवाद हा काही कवचकुंडलांसारखा नसतो.

मग 'हिंदुत्व' हा फॅसिस्ट ग्रंथ म्हणावा का? तसे म्हणणे मला घाईचे वाटते. त्याची सामग्री एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय राष्ट्रवादाची आहे आणि इटालियन फॅसिझमनेही त्याच कोठारातून धान्य उचलले. दोघांचे नाते आधी समान पूर्वजाचे आहे, देवघेव पुढची. ती झालीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीला भेटले, तिथल्या युवक संघटना त्यांनी पाहिल्या आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. १९३८ मध्ये पुण्यातल्या भाषणात सावरकरांनी जर्मनीने नाझीवाद आणि इटलीने फॅसिझम स्वीकारण्याचे समर्थन केले. तोवर त्या राजवटींचे स्वरूप जगापुढे उघड झालेले होते.

याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आहे. त्यांनीही जातीवर घाव घातला, पण हेतूची दिशा निराळी होती. १९२७ च्या महाड सत्याग्रह परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचे स्मरण केले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत त्यांनी मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. सावरकरांच्या सुधारणेत माणुसकी नव्हती असे नाही. पण तिचा अंतिम आधार संघटित हिंदू राष्ट्र हा होता. आंबेडकरांचा आधार व्यक्तीची प्रतिष्ठा हा होता. पंगत तीच असेल, पण ती कशासाठी मांडली यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

साहित्याच्या वर्गात याचा उपयोग काय? आपण त्याग, ऐक्य, मातृभूमी या शब्दांनी भारलेले पुष्कळ गद्यपद्य शिकवतो, आणि शिकवायलाच हवे. त्यावर बंदी नको आणि आरतीही नको. मात्र अशा प्रत्येक संहितेला एक साधा प्रश्न विचारावा: इथे 'आम्ही' म्हणणाऱ्यांमध्ये एखाद्याला 'मी नाही' म्हणायचे असेल, तर त्याला जागा ठेवली आहे का? क्रोचे आणि जेन्तीले यांची तत्त्वज्ञानाची परिभाषा एकच होती. त्यांना वेगळे केले ते या एका प्रश्नाच्या उत्तराने.