उभ्या झाडाचे मोल

अळीने झाडाची पाने खाल्ली की झाडाला कीड लागली, असे आपण म्हणतो. प्रत्येक वेळी ते खरे नसते. ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढणारी टसर पतंगाची अळी कीड नव्हे. ती अनेक वनवासी कुटुंबांची अन्नदात्री आहे.

ही अळी चार वेळा कात टाकते, पाने खाऊन पुष्ट होते आणि अखेर स्वतःभोवती कठीण कोष विणते. त्या कोषातून टसर म्हणजेच कोसा रेशीम मिळते. तुतीवरचे रेशीमकिडे घरात पाळले जातात. टसरच्या अळ्या मात्र उघड्या रानात झाडांवरच वाढवाव्या लागतात. मुंग्या, पक्षी व गांधीलमाशा यांपासून त्यांची राखण करावी लागते. पाला संपला की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यावे लागते. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा तसेच विदर्भातील गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत हे कष्ट केले जातात. अळ्यांवर रोग पडला, तर नुकसान पाळणाऱ्याचेच होते.

वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्याने टसर व कोष यांची गणना गौण वनोपजात केली आणि ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क वनवासींना दिला. हे योग्यच झाले. परंतु झाडेच तुटली, तर या हक्काचा उपयोग काय? लाकडासाठी तोडलेले झाड एकदाच पैसा देते. उभ्या झाडाला पुन्हा पालवी फुटते आणि त्या पालवीवर पुन्हा कोष धरतात. म्हणून वनाचा हिशेब केवळ लाकडाच्या किमतीवर मांडणे चुकीचे आहे.

वनात माणसांचा वावर वाढला तर वन टिकेल का, असे कोणी विचारील. ज्याची चूल झाडाच्या पाल्यावर पेटते, तो त्या झाडावर कुऱ्हाड सहजासहजी पडू देणार नाही. मात्र त्यालाही संयम पाळावा लागेल. धागा काढण्यासाठी कोषातील जीव मारला जातो. रानातले सारेच कोष वेचले, तर पुढच्या पिढीसाठी पतंग उरणार नाहीत. काही कोष राखून ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे, तर झाडे राखणे आणि कोषाला रास्त भाव देणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्य आहे.