आधी पंखा बंद करा!

संगणकातल्या सिंथेसायझरविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात 'मॉड्युलेशन' करणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यातही आमच्या भाच्याविरुद्ध.

शब्दाला घाबरू नका. मी घाबरून घेतलंय, तेवढं एका कुटुंबाला पुरे. एका गोष्टीनं दुसरीला हलवायचं, एवढाच त्याचा अर्थ. हलवणारा तो सोर्स आणि हलणारं ते टार्गेट. लग्न झालेल्या वाचकांना जास्त समजावायला नकोच. एलएफओ नावाचा एक डोलणारा सोर्स असतो. तो सेकंदाला पाचसहा डोल घेत स्वराच्या उंचीला जोडला की स्वर थरथरतो. फिल्टरला जोडला की आवाज 'वॉव-वॉव' करतो.

पूर्वी या जोडणीला कष्ट पडत. मूगच्या जुन्या यंत्रात दर जोडणीला खरीखुरी वायर लागे. असं एक यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीतही आलं होतं. त्याच वर्षी इंग्लंडात निघालेल्या व्हीसीएस-थ्रीमध्ये सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ भोकं होती आणि त्यांत खुंट्या खोचायच्या. वायरी संपल्या की हौस संपे. आता माऊसनं ओढायचं, सोडायचं. झाली सोयरीक! ना पत्रिका, ना चौकशी.

"मामा, शक्यता अमर्याद आहेत!" इति भाचा.

अरे, हिंगाच्या डबीचं तोंडही सगळ्या पातेल्यांकडे वळवता येतं. म्हणून खिरीत हिंग घालतं का कुणी?

त्यानं आजीच्या पंच्याहत्तरीसाठी एक धून केली. जोडण्या वीस! स्वर डोलतोय, आवाज फुगतोय, डावीकडचा उजवीकडे पळतोय. आई मिनिटभर ऐकून म्हणाली, "अरे, आधी तो पंखा बंद करा. पोराचं गाणं ऐकू येईना."

पंखा बंदच होता.

पोराचा चेहरा बघवेना. रात्री दोघं बसलो. एकेका जोडणीवर बोट ठेवून मी विचारी, "ही कशाला?" एकोणिसांना उत्तर नव्हतं. असतं तर मी मुकाट्यानं ठेवली असती. माझं वैर जोडणीशी नाही, उगाच जोडणाऱ्याशी आहे. विसावी मात्र राहिली: पट्टी दाबण्याचा जोर सोर्स, फिल्टर टार्गेट. हलके दाबा, आवाज मऊ. जोरात दाबा, उजळ. पियानोत हेच होतं, आणि आईच्या हाकेतही.

सकाळी त्यानं तीच धून पुन्हा वाजवली. आई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "मधेच जरा भ्यायलास का रे?"

तो भ्यायला होताच. पण काल हे कुणाला कळलं असतं?