घेतलं तेवढं परत केलं!

मी बँकेत कारकून. बी. कॉम. झाल्यापासून वीस वर्षं दुसऱ्यांची वजाबाकी तपासतो आहे. त्यामुळे ‘घेतलं तेवढं परत केलं’ असं कुणी म्हणालं, की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

परवा एक बंगलेवाले काउंटरवर आले. धरणाच्या फुगवट्यालगत त्यांची वसाहत होते आहे.

“हीट पंप बसवतोय, भाऊसाहेब. थंडीत ऊन पाणी, उन्हाळ्यात गार खोल्या. एक युनिट वीज, तीन-चार युनिटं उष्णता! धरणाचं पाणी घ्यायचं, फिरवायचं, जसंच्या तसं सोडायचं.”

“गावाला विचारलंत?”

“त्यात काय विचारायचं? थेंबन् थेंब परत देतोय की!”

पेन्सिल उठली. अहो, नुसतं मुद्दल परत केल्याने कर्ज फिटतं का?

घरचा फ्रिज आठवा. आतली उष्णता काढून तो मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो; आमची मांजर म्हणूनच तिथे झोपते. हीट पंप तेच करतो, फक्त उन्हाळ्यात त्याचं स्वयंपाकघर म्हणजे धरण! खोलीतली उष्णता संपत नाही, पाण्याच्या खाती जमा होते. तीही नेमकी वैशाखात, आवर्तनं सुटून धरणाचा तळ दिसायला लागतो तेव्हा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मासा काही तक्रारवहीत लिहीत नाही. तो पोट वर करून तरंगतो, एवढंच.

एका वसाहतीने धरण उकळणार नाही, हे मलाही कळतं. पण एकाला विनाचौकशी कर्ज दिलं, की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते!

माझा पुतण्या अमेरिकेत इथाकाला शिकायला होता. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००० साली कायुगा तलावाचं सुमारे २५० फूट खोलीवरचं पाणी खेचून इमारती गार करायला सुरुवात केली. तलावाचं पाणी इमारतींतल्या पाण्यात मिसळतसुद्धा नाही. नुसती उष्णतेची देवघेव. वीज भरपूर वाचली. तरी तिथली माणसं म्हणाली, तळाच्या पाण्यातला फॉस्फरस तुम्ही उथळ भागात आणून सोडता, शेवाळ माजेल. वाद वर्षानुवर्षं चालला. २०१३ सालच्या परवान्यात तलावाच्या अभ्यासाची अट आली. यंत्र बंद पडलं नाही, पण हिशोब द्यावा लागला.

माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. हीट पंप खुशाल बसवा. बंबाच्या धुरापेक्षा बराच. पण पाणी किती, किती अंश ऊन, कुठल्या महिन्यात आणि मोजणार कोण, हे आधी ग्रामसभेत सांगा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी कुकडीची पाच धरणं आहेत, म्हणून पाणी बेवारस झालेलं नाही.

आमच्या आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आहे. जिथे रेड्याच्या बोलण्याचा एवढा मान, तिथे माणसाने एक प्रश्न विचारला तर बिघडलं कुठे?

बंगलेवाल्यांनी हे सगळं हसून ऐकलं. मग पासबुक पुढे सरकवलं. एसएमएसपोटी सतरा रुपये कापले गेले होते.

“मला न विचारता कापलेच कसे?” म्हणून अर्धा तास भांडले!