मुखत्यार आपला गडी आहे, मालक नाय!



आपल्या पाड्यापाड्यांत एक कागद फिरतो. त्याचं नाव कुलमुखत्यारपत्र. कागद आणणारा गोड बोलतो. "दादा, तालुक्याला हेलपाटे कशाला मारतोस? इथे अंगठा दे, सातबाऱ्याचं, कोर्टाचं सगळं मी बघतो." दोन पावसाळे जातात. सातबाऱ्यावर नाव आपलंच असतं, पण शेताला कुंपण त्याचं असतं. कचेरीत गेलं तर उत्तर तयार : "तूच अंगठा दिलास ना?"

हो, दिला. पण कशासाठी दिला, तेही वाचा ना साहेब!

१८७२ चा करार कायदा सरळ आहे. जो दुसऱ्याच्या वतीने काम करतो तो मुखत्यार. ज्याचं काम, तो त्याचा धनी. डहाणू-तलासरीकडे लग्नाच्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारल्यांनी उठाव करून ती वेठ मोडली. आज या कागदावर कायद्यानेच धनी आपण आणि गडी तो. मग हात जोडून आपण का उभे?

या गड्यावर कायद्याची बंधनं आहेत. धनी सांगेल तेवढंच काम करायचं. मागितला की हिशोब द्यायचा. धन्याला अंधारात ठेवून त्याची वस्तू स्वतःच घेतली, तर धनी तो व्यवहार मोडू शकतो.

पण दुसरी बाजू नीट ऐका. कागदात दिलेल्या अधिकारात त्याने सही केली, की ती आपलीच सही धरतात. म्हणून "सर्व अधिकार" हे दोन शब्द कोयत्यापेक्षा धारदार आहेत. त्याच शब्दांनी शेत कापलं जातं.

आता मुख्य मुद्दा. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ सांगतं, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, कशानेही कलेक्टरच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. हे कलम १९७४ पासून लागू आहे. जे धन्यालाच करता येत नाही, ते त्याचा गडी कसं करणार? माझ्या घरात नसलेलं धान्य माझा गडी बाजारात विकू शकतो का?

दलाल म्हणतो, "मी पैसे मोजलेत, हे मुखत्यारपत्र आता रद्द होत नाय." मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तर त्याला धक्का लावून मुखत्यारी काढता येत नाही, असं कलम आहे खरं. त्याचाच आधार घेऊन हे बोलतात. आमचा सवाल आहे : मंजुरीशिवाय ज्या जमिनीत तुला हक्कच मिळत नाय, तिथे तुझा हितसंबंध आला कुठून? पैसे मोजले म्हणतोस, म्हणजे ही विक्रीच झाली. मुखत्यारपत्र हा नुसता बुरखा. हे तहसीलदाराला कळत नाही असं नाय. कळून गप्प बसतात!

म्हणून हे करा :

१. गावसभेत मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा नाय. कोरा कागद तर कधीच नाय.

२. मुखत्यार नेमायचाच तर एका कामापुरता, मुदत लिहून. जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार द्यायचा नाय.

३. दिलेला अधिकार काढून घ्यायचा तर लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत तलाठी, तहसील आणि रजिस्ट्री कचेरीत देऊन पोच घ्या. ज्याला रद्द झाल्याचं कळलंच नाही, त्याच्याशी मुखत्याराने केलेला व्यवहार आपल्या गळ्यात पडू शकतो. उशीर नको, झालेला व्यवहार नुसत्या नोटिशीने मोडत नाय.

४. बाप वारला की त्याने दिलेली मुखत्यारीही संपते. वारसांनी जुन्या कागदाला घाबरू नये, पण मृत्यूची खबर सगळ्यांना लेखी द्यावी.

आणि तहसीलदारांना आमचं सांगणं : सातबारा बघून घरी जाऊ नका. शेतावर या, नांगर कोणाचा चालतो ते बघा, पंचनामा करा. येत नसाल तर आम्ही सगळे पाडे मिळून तुमच्या कचेरीत येऊ.

त्या दिवशी आमच्या वतीने कोणी मुखत्यार बोलणार नाय. आम्ही स्वतः बोलू.

जोहार! जिंदाबाद!