अंधाराची पूर्वतयारी

'वीज जाणार आहे' या वाक्याचे मराठी माणसाला भय वाटत नाही. २००५ नंतरची काही वर्षे आपल्या खेड्यापाड्यांनी बारा-बारा तासांचे भारनियमन काढले आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या टेकड्यांवर मुलाकडे राहत असताना त्याच्या फोनवर वीज बंद होणार असल्याचा निरोप आला, तेव्हा मी चक्क हसलो. म्हटले, "मेणबत्त्या काढ आणि पत्ते पिस!"

पण आपल्याकडे वीज जायची ती तुटवड्यामुळे. इथे ती मुबलक असूनही मुद्दाम बंद होणार होती. उन्हाळाभर पाऊस नाही, डोंगरावरचे गवत वाळून काडी झालेले, आणि शरदात समुद्राकडे सुटणारा कोरडा 'डायब्लो' वारा. अशा वाऱ्यात तार तुटली की एक ठिणगी पुरते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी जवळजवळ शंभर वर्षांचा, झिजलेला लोखंडी आकडा तुटला, तार खांबावर आदळली आणि पॅराडाइज नावाचे गाव काही तासांत बेचिराख झाले. ८५ माणसे गेली, त्यांत बहुतेक वृद्ध. त्या भागात वीज बंद करण्याचा इशारा देऊनही ती बंद केली गेली नव्हती. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने जून २०२० मध्ये न्यायालयात ८४ सदोष मनुष्यवधांची कबुली दिली.

तेव्हा 'वीज तोडणे हाच अन्याय' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. हवाईतल्या माउई बेटावर ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना जळाले, शंभरावर माणसे गेली. वीज आधीच बंद ठेवण्याची योजना तिथे नव्हती. ती २०२४ मध्ये आली.

पण कळ दाबली की कर्तव्य संपले, असेही नाही. ऑक्टोबर २०१९ च्या त्या पहिल्या मोठ्या बंदमध्ये सात लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, आणि माहिती शोधणाऱ्यांच्या गर्दीने कंपनीचे संकेतस्थळच कोलमडले.

आमच्याकडे रात्री वीज गेली आणि थोड्याच वेळात दार वाजले. समोरच्या आजीबाई ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले! यंत्राची बॅटरी थोडाच वेळ पुरणार होती, आणि त्यांच्या लेकीची गाडी गॅरेजमध्ये अडकलेली, कारण दार विजेवर उघडणारे. आमचेही तेच. टॉर्च घेऊन चाचपडता चाचपडता मुलाला छताशी लोंबणारी लाल दोरी सापडली. ती ओढल्यावर दार हाताने उचलता येते. इतकी वर्षे ती दोरी तिथेच होती. आजीबाईंना आम्ही खाली, दिवे असलेल्या वस्तीत त्यांच्या नातेवाइकांकडे पोहोचवले.

माझी पत्त्यांची भाषा त्या रात्री संपली. आपली जुनी घरे माठ, कंदील आणि काडीने पेटणाऱ्या शेगडीवर चालत. आजचे घर, तिथले काय नि इथले काय, प्लगवर चालते. म्हणून तयारी उजेडातच हवी. न उघडलेला फ्रिज चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच चालवू नये. त्याच्या वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. फोनवर विसंबू नये, सेलवरचा रेडिओ जवळ असावा. उपकरणांवर जगणाऱ्यांनी कंपनीच्या वैद्यकीय यादीत नाव नोंदवावे, जादा बॅटरी ठेवावी, कुठे जायचे ते ठरवून ठेवावे. आणि ती बॅटरी कंपनीने पुरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत सर्वांत दुबळ्याने का मोजावी?

मात्र कंपनीच्या यादीतले नाव रात्री अकरा वाजता दार उघडत नाही. शेजारी कोणाचा श्वास विजेवर चालतो, हे वीज असतानाच विचारून ठेवावे.